हृदय मिळेपर्यंत

कृत्रिम हृदय म्हणजे निकामी झालेल्या हृदयाच्या जागी छातीत बसवलेला रक्ताचा पंप. आज हे यंत्र बहुतेक वेळा काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठीच बसवतात. दात्याचे हृदय मिळेपर्यंत रुग्ण जगावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ज्यांनी ते घडवले, त्यांना मात्र मरेपर्यंत टिकणारे हृदय हवे होते. ते स्वप्न अजून अपुरेच आहे, आणि त्या अपुऱ्या स्वप्नातून निघालेला हा तात्पुरता उपयोगच आजवर सर्वांत भरवशाचा ठरला आहे.

निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही त्याचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. दिवसाकाठी हा आकडा 7,000 लिटरांवर जातो आणि ठोके एक लाखाच्या घरात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकी उजवी जवनिका रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी सगळ्या शरीराकडे. रक्त दोघींतून सारखेच जाते, पण डावीला सुमारे पाचपट दाबाने काम करावे लागते, त्यामुळे बहुतेक रोग्यांत आधी थकते ती डावी बाजू. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूचा मोठा भाग मेला, विषाणूसंसर्गाने स्नायू सैल पडला, झडपांचा आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला, किंवा स्नायूचा आनुवंशिक दोष असला, तरी शेवट सारखाच होतो. फुप्फुसांत पाणी साचते, पाय सुजतात, चार पावले चालले तरी धाप लागते. पुढे मूत्रपिंडे आणि यकृतही रक्ताअभावी मंदावतात. गोळ्या, मग शिरेतून चालू ठेवलेली औषधे, आणि तीही पुरेनाशी झाली की उरतो तो हृदयप्रत्यारोपणाचा मार्ग.

हा मार्ग दात्यावर अवलंबून आहे आणि दाता वेळापत्रकाने येत नाही. मेंदूमृत झालेल्या, पण हृदय अजून धडधडत असलेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी त्या दुःखाच्या तासांत होकार द्यावा लागतो. रक्तगट जुळावा लागतो. दात्याच्या आणि रुग्णाच्या अंगलटीत फार फरक चालत नाही. बर्फात ठेवलेले हृदय साधारण चार तासांच्या आत पुन्हा रक्ताला जोडावे लागते, म्हणून अंतरही मोजावे लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला वाट पाहण्यासाठी डायलिसिस आहे. हृदयाच्या रुग्णाला तसे काहीच नव्हते.

डायलिसिसचे यंत्र बनवणाऱ्या माणसानेच कृत्रिम हृदयालाही हात घातला. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. 1950 मध्ये तो अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला. मूत्रपिंडाचे काम यंत्र करू शकते तर हृदयाचे का नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. 1957 मध्ये त्याने आणि तेत्सुझो आकुत्सु या जपानी सहकाऱ्याने एका कुत्र्याच्या छातीत प्लास्टिकचे हृदय बसवले. कुत्रा सुमारे दीड तास जगला. 1964 मध्ये अमेरिकी सरकारने कृत्रिम हृदयाचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. तो चंद्रावर जाण्याच्या तयारीचा काळ होता. अभियंते आणि पैसा लावला की काहीही साधते, असे वाटण्याचे ते दिवस होते.

मग 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनमध्ये क्रिस्टियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवले. रुग्ण 18 दिवस जगला. जगभर लाट उसळली आणि मुंबई त्या लाटेच्या अगदी पुढे होती. 16 फेब्रुवारी 1968 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. जगातील अशा पहिल्या काही शस्त्रक्रियांपैकी ती एक होती. रुग्ण काही तासच जगला. त्या एका वर्षात जगात शंभरावर प्रत्यारोपणे झाली, पण शरीर परके हृदय नाकारत होते आणि रुग्ण दगावत होते. बहुतेक केंद्रांनी हे काम सोडून दिले. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे मात्र चिकाटीने टिकून राहिले.

माणसाच्या छातीत पहिले पूर्ण कृत्रिम हृदय बसले ते या गोंधळाच्या काळात, आणि ते पहिल्यापासूनच तात्पुरते होते. टेक्सासमधील ह्यूस्टनला 4 एप्रिल 1969 रोजी डेंटन कूली हे हॅस्केल कार्प या 47 वर्षांच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करत होते. हृदयाचा मेलेला, फुगलेला भाग कापून उरलेले शिवून टाकायचे, असा बेत होता. तो फसला, हृदय-फुप्फुस यंत्र बंद करावे तर रुग्णाचे हृदय भार घेईना. तेव्हा कूलींनी ते हृदय काढून टाकले आणि दोमिंगो लिओटा या अर्जेंटिनी सहकाऱ्याने तयार केलेला, बाहेरच्या हवेच्या दाबावर चालणारा पंप बसवला. कार्प यांच्या पत्नीने दाता मिळावा म्हणून जाहीर आवाहन केले. मॅसॅच्युसेट्समधून एक महिला दाता सापडली. यंत्राने 64 तास रक्त खेळते ठेवले आणि मग मानवी हृदय बसवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी न्यूमोनिया आणि निकामी मूत्रपिंडांमुळे कार्प मरण पावले.

पंप ज्या प्रयोगशाळेत विकसित झाला होता ती कूलींचे एकेकाळचे वरिष्ठ मायकेल डबेकी यांची होती, आणि डबेकींना कोणी विचारले नव्हते. बातमी कळली तेव्हा ते वॉशिंग्टनमध्ये होते. चौकश्या झाल्या, कूलींवर ठपका आला, आणि एकाच शहरात काम करणारे हे दोन जगप्रसिद्ध शल्यविशारद पुढे जवळजवळ चाळीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. त्यांची दिलजमाई झाली 2007 मध्ये, डबेकींच्या मृत्यूच्या वर्षभर आधी. या भांडणावर भरपूर लिहिले गेले. वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यात झाकली गेली: स्वतःचे हृदय नसलेला माणूस अडीच दिवसांहून अधिक काळ यंत्रावर जगू शकला होता.

कोल्फ 1967 मध्ये युटा विद्यापीठात गेला होता. तिथे त्याच्या हाताखाली रॉबर्ट जार्विक आणि इतरांनी वासरांवर एकामागून एक नमुने तपासले. त्यातूनच जार्विक-7 आले. 2 डिसेंबर 1982 रोजी सॉल्ट लेक सिटीत विल्यम डेव्हरिस यांनी ते बार्नी क्लार्क या 61 वर्षांच्या दंतवैद्याला बसवले. क्लार्क प्रत्यारोपणाला अपात्र होते, म्हणून हे हृदय कायमचेच असणार होते. छातीतून निघालेल्या दोन नळ्या सुमारे 180 किलोंच्या यंत्राला जोडलेल्या होत्या. खाटेवरून हलायचे तर यंत्रही हलवायचे. तेराव्या दिवशी एक झडप तुटली आणि डावी बाजू बदलावी लागली. झटके, रक्तस्राव, संसर्ग असे एकेक भोगत क्लार्क 112 दिवस जगले. त्यानंतरचा एक रुग्ण, विल्यम श्रोडर, 620 दिवस जगला, पण त्याला पुन्हा पुन्हा पक्षाघात झाला. यंत्र चालत होते आणि माणूस खचत होता. वर्तमानपत्रांचा उत्साह ओसरला, तसा डॉक्टरांचाही.

दरम्यान प्रत्यारोपणाचे नशीब पालटले होते. सायक्लोस्पोरिन हे औषध 1983 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि परके हृदय शरीरात टिकू लागले. रुग्णांची रांग वाढली, आणि रांगेत मरणाऱ्यांची संख्याही. आता कृत्रिम हृदयाला वर्षानुवर्षे टिकण्याची गरज उरली नव्हती. काही दिवस नीट चालले तरी पुरे होते. 29 ऑगस्ट 1985 रोजी ॲरिझोनातील टुसॉन येथे जॅक कोपलँड यांनी एका 25 वर्षांच्या मरणासन्न तरुणाला जार्विक-7 बसवले. नऊ दिवसांनी दात्याचे हृदय मिळाले, यंत्र निघाले आणि तरुण वाचला. जे यंत्र कायमचे म्हणून निराशा करत होते, तेच नऊ दिवसांसाठी, प्रत्यारोपणापर्यंत नेणारा पूल म्हणून, उत्तम ठरले.

1990 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने जार्विक-7 च्या उत्पादक कंपनीची परवानगी काढून घेतली, कारण दर्जावरील नियंत्रण समाधानकारक नव्हते. हेच यंत्र पुढे टुसॉनमध्ये कार्डिओवेस्ट आणि नंतर सिनकार्डिया या नावांनी पुन्हा उभे राहिले. दहा वर्षे चाललेली चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्र बसवलेल्या 81 रुग्णांपैकी 79 टक्के प्रत्यारोपणापर्यंत पोहोचले, तर यंत्र न मिळालेल्या तुलनेच्या गटातील 46 टक्केच. त्याच वर्षी त्याला प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांसाठी रीतसर मान्यता मिळाली. तेव्हापासून जगात सर्वाधिक वापरले गेलेले पूर्ण कृत्रिम हृदय हेच आहे.

त्याची रचना पाहिली तर ती साधीच वाटते. पॉलियुरेथेनचे दोन गोलसर कप्पे, आणि प्रत्येकात रक्त व हवा यांना वेगळे ठेवणारा पातळ पडदा. पडदा चार थरांचा असतो. एखादा फाटला तरी उरलेले हवा रक्तात शिरू देत नाहीत. प्रत्येक कप्प्याला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रक्तासाठी एकेक अशा एकूण चार यांत्रिक झडपा. बाहेरचे यंत्र नळीतून हवेचा झोत सोडते, पडदा पुढे जातो, रक्त बाहेर पडते. हवा परत खेचली की कप्पा पुन्हा भरतो. चालवणाऱ्यांनी यात एक युक्ती ठेवली आहे. 70 मिलिलिटरचा कप्पा पूर्ण भरू द्यायचा नाही, 50 ते 60 वरच थांबवायचे, पण रिकामा मात्र पूर्ण करायचा. माणूस उठून चालू लागला की शिरांतून जास्त रक्त परत येते, कप्प्यात उरलेली जागा भरते, आणि ठोक्यांचा वेग न बदलताही रक्तप्रवाह वाढतो. कोणताही संगणक नसताना यंत्र शरीराची गरज अशी ओळखते.

शस्त्रक्रियेत रुग्णाच्या दोन्ही जवनिका आणि चारही झडपा कापून काढतात, वरचे कप्पे म्हणजे कर्णिका ठेवतात. कर्णिकांच्या काठाला एक कडे शिवले जाते आणि त्यावर कृत्रिम कप्पा दाबून बसवतात. महारोहिणी आणि फुप्फुसधमनी यांना कापडी नळ्यांचे जोड दिले जातात. जार्विक-7 चे दोन कप्पे एकमेकांना चक्क वेल्क्रोने चिकटवलेले असत. शेवटी सगळ्या यंत्राभोवती पातळ कृत्रिम पापुद्रा गुंडाळतात, कारण काही महिन्यांनी तीच छाती पुन्हा उघडायची आहे. आवरण नसेल तर यंत्र आणि आजूबाजूच्या ऊती एकमेकांना इतक्या घट्ट चिकटतात, की दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पहिले दोन-चार तास केवळ सोडवण्यातच जावेत. निघण्याचा विचार बसवतानाच करावा लागतो, हे पुलाच्या शस्त्रक्रियेचे खास वैशिष्ट्य आहे.

अशा रुग्णाच्या खाटेशी काही सवयीच्या गोष्टी निरुपयोगी होतात. ईसीजीवर जवनिकेची रेघ उमटत नाही. छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रश्नच उरत नाही. तसे केल्यास यंत्राला इजा होईल. ॲड्रेनलिनने ठोके वाढत नाहीत. नळ्या पोटाच्या वरच्या भागातून बाहेर येतात आणि यंत्राची ठक-ठक खोलीभर ऐकू येते. नंतर ती रुग्णाला ऐकू येईनाशी होते, पण भेटायला आलेल्यांना नाही. पूर्वी चालक यंत्र कपाटाएवढे होते आणि रुग्ण रुग्णालयातच अडकून राही. 2014 मध्ये अमेरिकेत साधारण सहा किलोंचे, पाठीवर घेता येईल असे चालक यंत्र मंजूर झाले. ते घेऊन मिशिगनमधील एक तरुण हृदयाविना 555 दिवस जगला, घरी राहिला आणि 2016 मध्ये त्याचे प्रत्यारोपण झाले.

तरीही सगळ्यांना पूर्ण हृदय बदलण्याची गरज नसते. बहुतेकांची डावी बाजूच थकलेली असते. अशांसाठी स्वतःचे हृदय जागेवर ठेवून डाव्या जवनिकेच्या टोकापासून महारोहिणीपर्यंत रक्त नेणारा पंप बसवतात. डबेकींनी 1966 मध्ये शरीराबाहेरच्या अशा पंपावर एका रुग्णेला दहा दिवस सांभाळून बरे केले होते. 1984 मध्ये स्टॅनफर्डमध्ये डाव्या पंपाच्या साहाय्याने पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. सुरुवातीचे पंप हृदयासारखे ठोके देत; ते अवजड होते आणि त्यांचे भाग झिजत. नंतरच्या पिढीने ठोक्यांचा हट्ट सोडला. आत एकच चक्र सतत फिरते आणि रक्त सलग वाहते. हार्टमेट 3 या पंपात चक्र चुंबकाने अधांतरी ठेवलेले असते. कुठेच घर्षण नाही, म्हणून झीजही नाही. या रुग्णांची नाडी बोटाला लागत नाही, नेहमीच्या यंत्राने रक्तदाब नीट मोजता येत नाही. माणूस समोर बसून बोलत असतो आणि मनगटाला काहीच जाणवत नाही, हे नवख्या परिचारिकेला घाबरवून टाकणारे असते.

पूर्ण कृत्रिम हृदय लागते ते दोन्ही बाजू गेलेल्यांना, हृदयात मोठ्या गाठी किंवा गुठळ्या असलेल्यांना, काबूत न येणाऱ्या घातक ठोक्यांच्या रुग्णांना, आणि पूर्वी बसवलेले दात्याचे हृदय पुन्हा निकामी झालेल्यांना. त्यासाठी छातीत जागाही हवी. 70 मिलिलिटरच्या नमुन्यासाठी छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर छातीचे हाड आणि मणका यांत किमान 10 सेंटिमीटर अंतर असावे लागते. बांधा लहान असलेल्या स्त्रिया आणि किशोरवयीन मुले यामुळे बराच काळ वगळली गेली. त्यांच्यासाठी 50 मिलिलिटरचा नमुना नंतर आला. तान्ह्या मुलांसाठी बर्लिनमध्ये विकसित झालेले पंप आहेत. ते शरीराबाहेर, पोटाशी राहतात आणि त्यांतील सर्वांत लहान पंप 10 मिलिलिटरचा आहे.

पूल ओलांडताना पडण्याची भीती कायम असते. परक्या पृष्ठभागावर रक्त गोठते. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात, आणि मग रक्तस्राव होतो. सतत फिरणाऱ्या पंपात तर रक्त गोठण्यास मदत करणारे एक मोठे प्रथिन चिरडले जाते आणि आतड्यातून रक्त जाऊ लागते. झडपांवर आपटून लाल पेशी फुटतात. नळी जिथून कातडीबाहेर येते ती जागा संसर्गाचा कायमचा दरवाजा. यात एक चमत्कारिक पेच आहे. रक्तस्रावामुळे रक्त चढवावे लागते, चढवलेल्या रक्तामुळे परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्यांच्यामुळे जुळणारा दाता सापडणे आणखी कठीण होते. वाट पाहण्याचे साधनच कधी कधी वाट लांबवते.

यंत्राचा एक फायदा मात्र फारसा बोलला जात नाही. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला लगेच नवे हृदय बसवले, तर सुजलेले यकृत आणि मंद मूत्रपिंडे त्या शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा भार सोसत नाहीत. काही आठवडे भरपूर रक्तपुरवठा मिळाला की हे अवयव सावरतात, रुग्ण जेवू लागतो, चालू लागतो, अंगावर मांस धरतो. म्हणून हृदय मिळू शकत असले तरी डॉक्टर कधी कधी घाई करत नाहीत.

नव्या यंत्रांचा रोख वर सांगितलेल्या गुठळ्या, रक्तस्राव अशा दोषांवर आहे. फ्रान्समधील आलँ कार्पाँतिए यांच्या कल्पनेतून आलेल्या कार्मा हृदयात रक्ताला लागणारे पृष्ठभाग गाईच्या हृदयावरणाच्या ऊतीचे आहेत, आणि आतले संवेदक दाब पाहून प्रवाह बदलतात. डिसेंबर 2013 मध्ये पॅरिसमध्ये ते पहिल्यांदा बसवले गेले. तो रुग्ण अडीच महिने जगला. 2020 मध्ये युरोपात त्याला प्रत्यारोपणापर्यंतच्या वापरासाठी मान्यता मिळाली. ऑस्ट्रेलियाचे अभियंते डॅनियल टिम्स यांचे बायव्हॅकॉर याहून धाडसी आहे. टायटॅनियमच्या कवचात चुंबकाने तरंगणारे एकच चक्र, त्याच्या एका बाजूची पाती फुप्फुसांकडे आणि दुसऱ्या बाजूची शरीराकडे रक्त ढकलतात. झडपा नाहीत, पडदा नाही, फाटण्यासारखे काही नाही. वजन सुमारे 650 ग्रॅम. जुलै 2024 मध्ये ह्यूस्टनला ते पहिल्या माणसात बसले आणि आठ दिवसांनी दात्याचे हृदय मिळाले. नोव्हेंबर 2024 मध्ये सिडनीत ते बसवलेला एक रुग्ण फेब्रुवारीत यंत्रासह घरी गेला. शंभराहून अधिक दिवसांनी, मार्च 2025 मध्ये त्याचे प्रत्यारोपण झाले.

यंत्रे कितीही सुधारली तरी ती हृदयांची संख्या वाढवत नाहीत, रांगेचा क्रम बदलतात. अमेरिकेत वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास हृदयप्रत्यारोपणे होतात. 2018 मध्ये तिथल्या वाटपाच्या नियमांत फुगा-पंप, एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळून परत पाठवणारे यंत्र) अशा अल्पकालीन आधारावर रुग्णालयात पडून असलेल्यांना वरचा क्रम देण्यात आला आणि डावा पंप बसवून घरी स्थिर असलेले रुग्ण खाली गेले. परिणाम लगेच दिसला: पूल म्हणून डावा पंप बसवण्याचे प्रमाण घसरले आणि अल्पकालीन साधनांचा वापर वाढला. वैद्यकीय निर्णय रोग्याच्या छातीइतकाच नियमाच्या कागदावरही होतो, याचे हे स्वच्छ उदाहरण म्हणावे लागेल.

भारतात मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता मिळाली ती 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. तो पहिल्यांदा लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईला सेन यांच्या प्रयत्नानंतर 47 वर्षे थांबावे लागले. ऑगस्ट 2015 मध्ये पुण्यातील दात्याचे हृदय विमानाने आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते एका तरुणाला बसवले. अलीकडे देशात वर्षाला दोनशे ते अडीचशे हृदयप्रत्यारोपणे होतात, आणि दान मिळालेली सगळी हृदये वापरलीही जात नाहीत. अंतर, खर्च आणि तयार रुग्ण जवळ नसणे ही त्याची कारणे.

इथे पूल म्हणून पूर्ण कृत्रिम हृदय जवळजवळ वापरात नाही. डावा पंप काही मोठ्या केंद्रांत बसवला जातो, पण आयात केलेल्या पंपाचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतो आणि विमाही तो क्वचितच पूर्ण भागवतो. त्यामुळे प्रत्यक्षात वापर होतो तो शिरेतील औषधांचा, महारोहिणीत ठेवलेल्या फुगा-पंपाचा आणि एक्मोचा. यांवर रुग्णाला काही दिवस, फार तर काही आठवडे सांभाळता येते. तेवढ्या मुदतीत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडून जुळणाऱ्या दात्याचा फोन यावा लागतो.